बॅटमॅनचं नवरात्र

"मला हे करायलाच हवं, रॉबिन! रोज रात्री मला वेगळ्या रंगाचा पोशाख घालायलाच हवा!"

मार्च १९५७. ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’चा २४१ वा अंक. मुखपृष्ठावर बॅटमॅन टोकदार कानांपासून बुटांपर्यंत लालगुलाबी होऊन उभा आहे, शेजारी बाकीच्या रंगांचे पोशाख टांगलेत, आणि वरचं वाक्य तो अशा सुरात म्हणतो की वाटावं, शहरावर बॉम्बच पडणार आहे.

हे पान मी पहिल्यांदा पाहिलं ते नेमकं नवरात्रात. ऑफिसातल्या बायकांच्या ग्रुपवर ‘उद्या राखाडी, विसरू नका गं’ असा निरोप येऊन पडला होता. मी कपाट उपसून, राखाडी काहीही न सापडल्यामुळे हताश होऊन पलंगावर बसले होते आणि जीव रमवायला हा जुन्या गोष्टींचा संग्रह चाळत होते. राखाडी हा तर बॅटमॅनचा रोजचा रंग. ज्याच्याकडे राखाडी ढीगभर आहे तो गुलाबीसाठी कासावीस, आणि मी इथे राखाडीसाठी. मी इतकी हसले की नवरा तोंडात ब्रश तसाच ठेवून बघायला आला. त्याला पान दाखवलं. तो शांतपणे म्हणाला, "यात हसण्यासारखं काय आहे? तुम्ही पण हेच करता."

गोष्ट अशी. रॉबिन म्हणजे मुखवट्यामागचा डिक ग्रेसन. या डिकच्या हाताला चारचौघांत, मुखवटा नसताना दुखापत होते. आता रात्री रॉबिनही दुखऱ्या हातानं फिरताना दिसला तर लोक एकाला एक जोडणार आणि गुपित फुटणार. मग बॅटमॅन तोडगा काढतो: आपण रोज असले भडक कपडे घालायचे की बघणाऱ्याची नजर आपल्यावरून हलताच कामा नये. रॉबिनच्या हाताकडे बघायला उरतंय कोण! एका रात्री एक रंग, दुसऱ्या रात्री दुसरा, आणि मग एकदा सगळ्या रंगांचे पट्टे एकत्र. अंधारात लपून गुन्हेगारांवर झडप घालणं हा ज्याचा धंदा, तो माणूस इंद्रधनुष्य होऊन गच्चीगच्चीवरून उड्या मारतोय.

रॉबिनला चार दिवस घरी बसवावं, हे कुणाच्याही डोक्यात येत नाही. आमच्याकडे असतं तर आजीनं आंबेहळदीचा लेप लावून, हात गळ्यात बांधून त्याला माजघरात निजवलं असतं आणि गोष्ट दुसऱ्या चौकटीत संपली असती.

पण मला या गोष्टीत खरी आवडते ती तिची शिस्त. एक वेडगळ गोष्ट गृहीत धरली की तिथून पुढे सगळं कसं चोख. बॅटमॅन चुकूनही हसत नाही, रॉबिन "अहो, हे काय ध्यान" म्हणत नाही, आणि ज्यानं ही गोष्ट लिहिली तोही, पानांमागून कितीही डोकावून बघा, हसताना सापडत नाही. लग्नात अक्षतांच्या वेळी एखाद्या काकांची पगडी डोळ्यांवर घसरावी आणि त्यांनी ती तशीच ठेवून अत्यंत गंभीरपणे ‘शुभमंगल सावधान’ ऐकत उभं राहावं, तसं.

लहानपणी मात्र मी असल्या गोष्टींना कधीच हसले नाही. मिरजेला आमच्या घराजवळ एक दुकान होतं, तिथे गोष्टींची पुस्तकं दिवसाच्या भाड्यानं मिळत. दादा ‘इंद्रजाल कॉमिक्स’ आणायचा. टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी १९६४ मध्ये ते सुरू केलं, १९९० पर्यंत चालवलं. मराठीतही निघायचं, आणि त्यातला वेताळ आमच्या घरचाच होता. दादा आधी वाचणार, मग मी, आणि संध्याकाळी पुस्तक परत करायच्या आत आई, स्वयंपाकघरात उभ्या उभ्या, "काय तरी बाई भलतंच" म्हणत शेवटच्या पानापर्यंत.

हा वेताळ म्हणजे ली फॉक या अमेरिकन माणसाचा ‘फँटम’. १७ फेब्रुवारी १९३६ ला तो अमेरिकेतल्या वर्तमानपत्रात अवतरला. घनदाट जंगलात राहतो, कवटीच्या गुहेत सिंहासनावर बसतो, आणि अंगात डोक्यापासून पायापर्यंत घट्ट जांभळा पोशाख, वर पट्ट्यापट्ट्यांची चड्डी. मिरजेच्या मे महिन्यात आम्हाला मलमल सोसत नव्हती आणि हा उष्ण कटिबंधात नखशिखांत आवळून बसलेला, तरी आम्हाला कधी प्रश्न पडला नाही. हिरव्या जंगलात जांभळा माणूस लपतो कसा, हाही नाही. पुढे कळलं की फॉकच्या मनात वेताळाचा रंग राखाडी होता. (पुन्हा राखाडी!) रविवारच्या पुरवणीत १९३९ मध्ये रंगीत छपाई सुरू झाली तेव्हा छापखान्यात तो जांभळा झाला आणि जांभळाच राहिला. इटलीत तो लाल आहे, स्कँडिनेव्हियात निळा. प्रत्येक देशाच्या छापखान्यानं आपापल्या डब्यातला रंग लावला. जंगलात लपण्याच्या दृष्टीनं कुणालाच पास करता येणार नाही.

‘जंगलात जुनी म्हण आहे’ अशी त्याच्या गोष्टींमधली एक लकब होती. वेताळाच्या अंगात दहा वाघांचं बळ आहे वगैरे. आम्ही ती लगेच उचलली. "जंगलात जुनी म्हण आहे, आईनं तिसरी हाक मारली की उठावं." जेवणाच्या ताटावर दादा हे अशा आवाजात म्हणायचा की वडिलांनासुद्धा हसू आवरत नसे. वेताळाच्या एका बेटावर वाघसिंह आणि हरणं गुण्यागोविंदानं राहतात, कारण त्या वाघांना माशांची सवय लावलेली आहे. हे वाचून दादा गंभीरपणे म्हणाला होता, "म्हणजे मालवणी वाघ." तो विनोद करत नव्हता. मासे खाणारी माणसं आमच्या माहितीत तेवढीच होती.

एका गोऱ्या घराण्याची चारशे वर्षांची गादी आणि त्याच्यापुढे वाकणारं सगळं जंगल, यातलं खटकण्यासारखं तेव्हा खटकलं नाही. आता खटकतं, आणि त्या भागाला मला हसूही येत नाही.

अमेरिकन सुपरहिरो माझ्या हाती खूप उशिरा आले, चाळिशीनंतर. फोर्टातल्या फुटपाथवर एकदा सुपरमॅनच्या पन्नास-साठच्या दशकांतल्या गोष्टींचा जाडजूड संग्रह मिळाला, काळ्या-पांढऱ्या छपाईचा, म्हणून स्वस्त. या गोष्टींमध्ये क्रिप्टोनाइट नावाचा दगड असतो, सुपरमॅनच्या फुटलेल्या जन्मग्रहाचा, क्रिप्टॉनचा, तुकडा. हिरवा असला तर सुपरमॅन मरणपंथाला लागतो, लाल असला तर त्याला दरवेळी काहीतरी नवंच होतं, सोनेरी असला तर शक्ती कायमची जाते, पांढऱ्यानं झाडं मरतात. एकच ग्रह फुटला, पण त्याचे तुकडे रंगाच्या दुकानातल्या शेड कार्डासारखे. आणि माझ्या पुस्तकात सगळे राखाडी! "अरे देवा, हा तर लाल क्रिप्टोनाइट!" म्हणून सुपरमॅन किंचाळतो, आणि समोर एक मळकट करडा खडा. वाचकानं विश्वास ठेवायचा.

पात्रांनी सगळं बोलून दाखवायचं, ही तर या जुन्या कॉमिक्सची मोठीच गंमत. भिंत फोडताना "मी आता ही भिंत फोडतो आहे", पडताना "मी पडतो आहे, आणि खाली अणकुचीदार खडक आहेत!" चित्रात भिंत आहे, फुटतेही आहे. तरी सांगायचं. मला आकाशवाणीच्या श्रुतिका आठवतात: "अगं बाई, दार तर सताड उघडं! आणि हे जमिनीवर कोण बरं पडलंय? हातात सुरी पण दिसते!" श्रुतिकेची निदान अडचण होती, चित्रच नव्हतं. इथे चित्रकार रक्त आटवून चित्र काढतो आणि लेखकाचा त्याच्यावर काडीचा विश्वास नाही. एक ठोसा लगावायला लागणाऱ्या वेळात नायक चाळीस शब्द बोलतो. अर्थात ज्या भाषेत मरणारा नायक अर्धा तास ख्याल गातो आणि ‘वन्स मोअर’ आला की उठून पुन्हा गातो, त्या भाषेतल्या माणसानं याला फार नावं ठेवू नयेत.

हे असं सगळं झालं कसं, त्याला कारणं आहेत, आणि ती कारणं मला गोष्टींइतकीच मजेदार वाटतात. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत गुन्हेगारीची आणि भयकथांची कॉमिक्स धो धो खपत होती. फ्रेडरिक वर्थम नावाच्या मानसोपचारतज्ज्ञानं १९५४ मध्ये पुस्तक लिहून सांगितलं की मुलं बिघडताहेत ती यांच्यामुळे. बॅटमॅन आणि रॉबिन एकाच घरात कसे राहतात, यावरही त्यानं संशय घेतला. सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावण्या झाल्या, प्रकाशक घाबरले आणि त्यांनी आपणच स्वतःवर एक आचारसंहिता लादून घेतली. पिशाच्चं नकोत, चालती प्रेतं नकोत, रक्तपात नको, गुन्हेगार कधीही जिंकता कामा नये. पण अंक तर दर महिन्याला निघायलाच हवा. मग नायकानं करायचं काय? तर त्याचं रूप बदलायचं. कथेतला धोका बाहेरून आणता येत नाही म्हटल्यावर तो नायकाच्या शरीरात घुसला.

म्हणून १९५८ मध्ये सुपरमॅनला सिंहाचं डोकं येतं. १९६३ मध्ये मुंगीचं. १९५८ मध्येच एकदा त्याची सगळी शक्ती जाते, आणि बदल्यात त्याच्या हातातून एक इवलासा सुपरमॅन निघतो, बोटाएवढा, पूर्ण पोशाखात, जो जाऊन सगळी कामं करून येतो. लोक त्या छोट्याचंच कौतुक करतात आणि मोठा सुपरमॅन चक्क जळतो. त्याचा पत्रकार मित्र जिमी ओल्सन तर हक्काचं गिऱ्हाईक: १९६१ मध्ये तो अवाढव्य कासवमानव होऊन समुद्रातून वर येतो. दुसऱ्या अंकात साळिंदर. आणखी एका अंकात गोरिला मादीशी लग्न. हा मुलगा दैनिकात नोकरीला होता आणि त्याला रजा कशा मिळत, हे मला अजून उलगडलेलं नाही.

गोरिलांची गोष्ट वेगळीच. १९५१ मध्ये ‘स्ट्रेंज ॲडव्हेंचर्स’च्या एका मुखपृष्ठावर गोरिला छापला आणि तो अंक जोरात खपला. झालं! बॅटमॅन-सुपरमॅनवाल्या ‘डीसी’ कंपनीच्या प्रत्येक संपादकाला मुखपृष्ठावर गोरिला हवा. शेवटी म्हणे महिन्याला एकाच अंकावर गोरिला, असा नियम करावा लागला. फ्लॅश या नायकाचा एक कट्टर शत्रूच बुद्धिमान गोरिला आहे, ग्रॉड. १९६० मध्ये तो जगातल्या त्या सर्वांत वेगवान माणसाला हजार पौंड वजनाचा करून टाकतो, म्हणजे साडेचारशे किलोंहून जास्त.

सुपरमॅनचे अंक सांभाळणारे मॉर्ट वाइजिंगर आणि फ्लॅशचे ज्युलियस श्वार्ट्झ हे संपादक बऱ्याचदा आधी मुखपृष्ठ ठरवत, आणि मग त्यात बसेल अशी गोष्ट लेखकाकडून लिहून घेत. आधी पत्रिका छापायची, मग मुलगा शोधायचा. नाक्यावरच्या स्टँडसमोर दहा सेंट मुठीत धरून उभं असलेलं पोर थबकलं पाहिजे, एवढाच हिशेब. ऑगस्ट १९६६ च्या ‘फ्लॅश’वर तर गोष्टीचा आवसुद्धा आणलेला नाही. फ्लॅश सरळ हात पुढे करून वाचकाला सांगतो: थांब, हा अंक सोडून जाऊ नकोस, माझा जीव त्यावर अवलंबून आहे! तुळशीबागेत पिनांचं पाकीट विकणारा मुलगासुद्धा इतकं गळ्यात पडत नाही.

पण मुखपृष्ठावर जे छापलं ते आत आलंच पाहिजे, आणि त्याला कारणही दिलंच पाहिजे, हा प्रामाणिकपणा बघा. लालगुलाबी बॅटमॅन स्वप्नात दिसला, असं म्हणून सुटता आलं असतं. या लेखकांनी तसली पळवाट कधीच घेतली नाही असं म्हणता येणार नाही, पण घेतली नाही तेव्हा ते ज्या कसोशीनं कारण शोधतात, त्याला तोड नाही. माझं सगळ्यात लाडकं उदाहरण एस या कुत्र्याचं. १९५५ मध्ये बॅटमॅनकडे हा कुत्रा आला आणि गुन्हेगारांच्या पाठलागाला त्याला न्यायचं ठरलं. तर त्याला मुखवटा! डोळ्यांना भोकं पाडलेला, बॅटमॅनसारखा. का? कारण त्याच्या कपाळावर चांदणीसारखी खूण आहे, आणि ब्रूस वेननं, म्हणजे मुखवट्याविना बॅटमॅननं, त्याच्या मालकाचा शोध घ्यायला जाहिराती दिल्या होत्या. तीच खूण बॅटमॅनसोबतच्या कुत्र्यावर दिसली तर? कुत्र्यालासुद्धा गुप्त ओळख आहे, आणि तिची काळजी घेणारं कुणीतरी आहे. मी हे वाचून हसते आणि त्याच क्षणी मला वाटतं, बरोबरच आहे की.

ग्रीन लँटर्नबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. त्याच्या बोटात अंगठी आहे, आणि ती अंगठी मनात येईल ते निर्माण करू शकते. पूल, पिंजरा, महाकाय हात. इतकी शक्ती दिली की गोष्ट दुसऱ्या पानावर संपणार, म्हणून कुठेतरी पाचर मारावी लागते. १९५९ मध्ये हा नायक नव्यानं घडवला तेव्हा ठरलं की अंगठी पिवळ्या रंगापुढे चालणार नाही. नुसता पिवळा रंग. खलनायकानं पिवळं क्षेपणास्त्र सोडलं की हा विश्वरक्षक हतबल. हे वाचल्यापासून माझ्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं: सोमवती अमावास्येची जेजुरी, येळकोट येळकोटचा गजर, भंडाऱ्यानं पिवळंधमक झालेल्या पायऱ्या, आणि मधोमध हिरव्या पोशाखातला तो, एका पायरीवर बसकण मारून, घाम पुसत. आपल्याकडे त्याला एखाद्या हळदीच्या कार्यक्रमालासुद्धा पाठवता येणार नाही. त्याच्याआधीचा, १९४० चा मूळ ग्रीन लँटर्न आणखी गरीब होता. त्याची अंगठी लाकडापुढे चालत नसे. विटीदांडू खेळणाऱ्या चौथीतल्या पोरानं त्याला लोळवला असता.

वंडर वूमनच्या बाबतीत माझं हसू थोडं वाकडं होतं. विल्यम मार्स्टन या मानसशास्त्रज्ञानं १९४१ मध्ये तिला घडवलं. रक्तदाबावरून खोटं पकडता येतं का, यावर याच गृहस्थांनी संशोधन केलं होतं, आणि तिच्या हातातल्या दोरीत अडकलेला माणूसही खरं बोलू लागतो. तिचं विमान अदृश्य आहे. आत बसलेली ती मात्र स्वच्छ दिसते, आकाशात खुर्चीवर बसल्यासारखी. शत्रूच्या तोफखान्याला आणखी काय हवं? पण मला म्हणायचंय ते पुढचं. १९४२ मध्ये ती ‘जस्टिस सोसायटी’ या सुपरहिरोंच्या मंडळात येते. देवतांचं बळ अंगात असलेली बाई. आणि मंडळी तिला मोठ्या सन्मानानं पद देतात: सेक्रेटरी. पुरुष मोहिमेवर निघतात, ती मागे थांबते, आणि मनानं मी तुमच्याबरोबरच आहे, अशा अर्थाचं काहीतरी हसतमुखानं म्हणते. लिहिणाऱ्याला आणि छापणाऱ्याला यात काहीच वावगं वाटलं नाही. मी नोकरीला लागले तेव्हा पहिल्याच मीटिंगमध्ये साहेबांनी वही माझ्याकडे सरकवली होती. माझं अक्षर तेव्हाही कोंबडीचे पाय होतं, ते त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

चुका तर ढिगानं. मार्व्हल या दुसऱ्या कंपनीच्या स्टॅन ली यांनी एकाच वेळी इतकी कॉमिक्स लिहायला घेतली होती की नावंसुद्धा लक्षात राहत नसत. १९६३ मध्ये ‘स्पायडरमॅन’च्या स्वतःच्या पहिल्याच अंकात पीटर पार्करचा मध्येच पीटर पामर होतो. ब्रूस बॅनरचा १९६४ मध्ये बॉब बॅनर झाला, वाचकांनी पकडलं, तेव्हा जाहीर करून टाकलं की त्याचं पूर्ण नाव रॉबर्ट ब्रूस बॅनर आहे. हाच बॅनर चिडला की हल्क होतो. तो हल्कसुद्धा १९६२ च्या पहिल्या अंकात राखाडी होता! स्वस्त छपाईत तो राखाडी एकसारखा उतरेना, एका पानावर फिकट, दुसऱ्यावर काळपट, म्हणून दुसऱ्या अंकापासून हिरवा. माझ्या कपाटात राखाडी साडी का टिकत नाही, याचं उत्तर बहुधा इथेच कुठेतरी आहे. पुढे तर चूक दाखवून वर ती चूक कशी नव्हतीच, हे पटवून देणाऱ्या वाचकाला मार्व्हलकडून बक्षीस जाऊ लागलं. बक्षीस म्हणजे लिफाफा. रिकामा. बाहेर लिहिलेलं की अभिनंदन, आत बक्षीस नाही. इथे मात्र त्यांना आपण काय करतोय ते पुरतं माहीत होतं.

मला वाटतं, हे माहीत असणंच सगळी मजा घालवतं. जानेवारी १९६६ मध्ये बॅटमॅनची टीव्ही मालिका सुरू झाली. ॲडम वेस्टनं ती भूमिका मुद्दाम दगडासारखा चेहरा ठेवून केली आणि हाणामारीत पडद्यावर ‘पॉव!’, ‘बिफ!’ अशी अक्षरं उमटत. चांगली आहे, मी दोन-चार भाग आनंदानं बघते. मग कंटाळा येतो. तिथे सगळ्यांना ठाऊक आहे की हे हास्यास्पद आहे, आणि मला ते ठाऊक आहे हेही त्यांना ठाऊक आहे. १९५७ च्या त्या अंकात मी एकटीच हसते, आणि थोडी चोरून. कधीकधी तर काळच लेखकाची फजिती करतो. १९५१ च्या एका गोष्टीत जोकर ‘घोडचूक’ या अर्थाचा एक इंग्रजी शब्द पानापानावर, पुन्हा पुन्हा, अभिमानानं उच्चारतो. पुढे त्या शब्दाचा अर्थ भलतीकडे गेला. कुठे, ते मी इथे लिहिणार नाही. हा लेख आईही वाचते.

जाहिरातींचं एक पान तरी द्यायलाच हवं. सत्तरीच्या दशकात सुपरहिरो कपकेकच्या जाहिराती करत. खलनायक ऐन दरोड्यात, नायक त्याच्यापुढे कपकेक धरतो, तो शस्त्र टाकून खायला बसतो, पोलीस येतात. आणि ‘सी-मंकीज’! चित्रात मुकुटासारखी शिंगं असलेलं, हसरं, गुलाबी समुद्री राजघराणं. पैसे पाठवावेत तर टपालानं येत ती खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या कोळंबीच्या दूरच्या नात्यातल्या सूक्ष्म जिवांची अंडी. आमच्याकडे आली असती तर शेजारच्या काकूंनी जवळा समजून कांद्यावर परतली असती.

आणि मग एखादं पान येतं आणि हसू अडकतं. फेब्रुवारी १९४० च्या ‘लुक’ नियतकालिकात सुपरमॅनची दोन पानांची गोष्ट आली: सुपरमॅन हे युद्ध कसं संपवेल? जेरी सीगल आणि जो शुस्टर, क्लीव्हलँडची दोन ज्यू पोरं, पंचविशीची. यांनीच दोन वर्षांपूर्वी सुपरमॅनचे सगळे हक्क १३० डॉलरला विकले होते. पहिल्या गोष्टीत तर तो उडतसुद्धा नव्हता, नुसत्या लांब उड्या मारायचा, आणि एवढं बळ एका माणसात कसं, हे शास्त्रीय पद्धतीनं पटवून द्यायला त्यांनी मुंगीचा आणि नाकतोड्याचा दाखला दिला होता. ‘लुक’मध्ये हा सुपरमॅन तोफा वाकवतो, हिटलरला गचांडी धरून उचलतो, वाटेत मॉस्कोहून स्टालिनला घेतो, आणि दोघांना जिनिव्हाला राष्ट्रसंघापुढे नेऊन उभा करतो. न्यायनिवाडा होतो. खलास. दोन पानं. एप्रिलमध्ये हिटलरच्या ‘एसएस’ या दलाच्या साप्ताहिकानं सीगलची ज्यू म्हणून गलिच्छ टिंगल करणारा लेख छापला. म्हणजे ज्यांना हे कॉमिक नुसतं हसून सोडून देता आलं नाही, ते तिथे बसले होते.

अमेरिका युद्धात उतरल्यावर नवाच पेच पडला. सुपरमॅन सैन्यात गेला तर युद्ध एका दुपारी संपायला हवं, आणि खरं युद्ध तर चालू होतं. १९४२ मध्ये वर्तमानपत्रातल्या मालिकेत त्याचा तोडगा निघाला. क्लार्क केंट, म्हणजे साध्या वेषातला सुपरमॅन, भरतीला जातो. डोळ्यांच्या तपासणीत उत्साहाच्या भरात त्याची नजर भिंतीपार जाते आणि तो शेजारच्या खोलीतला तक्ता वाचून दाखवतो. डोळे अधू म्हणून नापास. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसले, आणि मग पान तसंच उघडं ठेवून बसले. ज्यांची मुलं खरोखर पास होऊन गेली होती, त्या घरांमध्येही सकाळी चहा-कॉफीबरोबर हेच वाचलं गेलं असणार.

तसा केंटच्या चष्म्याचा प्रश्न चाळीस वर्षं लोंबकळत होता: नुसता चष्मा लावल्यावर लोइस लेनसारख्या हुशार बातमीदार बाईला तो ओळखू कसा येत नाही? १९७८ मध्ये एकदाचं उत्तर छापून आलं. सुपरमॅन नकळत संमोहन करतो, आणि त्याच्या चष्म्याच्या काचा क्रिप्टॉनहून आलेल्या यानाच्या असल्यामुळे ते दुप्पट जोरात पोचतं. कुणी मागितलं होतं हे? पण शंका विचारली गेली होती, म्हणून उत्तर देणं भाग होतं.

गेल्या दिवाळीत दादाची धाकटी मुलगी आमच्याकडे राहायला होती. नऊ वर्षांची. मी तिला एसची गोष्ट वाचून दाखवली, मराठीत करत करत, आणि मुखवट्याच्या चौकटीपाशी येऊन मी हसायला लागले. ती हसली नाही. तिनं पुस्तक जवळ ओढलं, चित्र नीट पाहिलं आणि म्हणाली, "आत्या, त्याच्या कपाळावर चांदणी आहे ना, मग लावायलाच लागेल." थोड्या वेळानं तिनं माझा एक काळा रुमाल आणि कात्री मागून नेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला खाली उतरले, तर सोसायटीचा मोत्या गेटपाशी बसला होता, माझा रुमाल तोंडावर बांधून. एक भोक डोळ्यावर, दुसरं कानाजवळ. त्याला काही तक्रार नसावी, बिस्किटं मिळाली होती. वॉचमन काका पाण्याची मोटर बंद करून आले, त्याच्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "काय मोत्या, आज काय विशेष?"

भाची माझ्या मागून धावत पुढे झाली. वैतागून तिनं दोन्ही हात कमरेवर ठेवले.

"काका, तुम्ही ओळखायचं नसतं!"